आधी वार, मग वाट : आडबाजूचं लंडन पायी कसं पाहावं

लंडनमधली मला सगळ्यात आवडणारी ठिकाणं आठवड्यातले दोन-तीन दिवस बंद असतात. मोठी संग्रहालयं जवळपास रोज उघडी असतात. पण एखाद्या वास्तुविशारदाचं दोनशे वर्षं जसंच्या तसं ठेवलेलं घर किंवा चर्चच्या माळ्यावरची शस्त्रक्रियेची खोली चालवायला माणसं थोडी आणि पैसाही थोडा. त्यामुळे सोमवारी कुलूप, कुठे कुठे मंगळवारीही कुलूप. आई पहिल्यांदा इथे आली तेव्हा पावसातून तासभर प्रवास करून आम्ही अशाच एका छोट्या संग्रहालयाच्या दाराशी पोचलो आणि 'आज बंद'ची पाटी वाचून मागे फिरलो. आईचे गुडघे दुखत होते. बसस्टॉपवर बसून तिने डब्यातल्या दशम्या काढल्या, एक माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाली, "उद्या येऊ." पण दुसऱ्या दिवशी तिचं विमान होतं.

तेव्हापासून घरी पाहुणे येणार म्हटलं की मी आधी वार मांडते, मग वाट ठरवते. बिग बेन, टॉवर, लंडन आय झाल्यावर ज्यांच्याकडे तीन-चार दिवस उरतात, किंवा जे मुला-मुलीकडे महिनाभर राहायला आलेत, त्यांच्यासाठी ही सगळी मांडणी लिहिते आहे.

निघण्याआधी

वहीचं एक पान घ्या आणि त्यावर सात रकाने आखा. आधी बंद असलेले दिवस लिहा, उघडे नंतर. सर जॉन सोन यांचं संग्रहालय बुधवार ते रविवार उघडं असतं. मिथ्राचं रोमन मंदिर सोमवारी बंद. लंडन ब्रिजजवळचं जुनं ऑपरेशन थिएटर आठवड्याच्या सुरुवातीला बंद असतं. 'सिटी' म्हणजे बँका आणि कचेऱ्यांचा जुना चौरस मैल. तिथे मंगळवार ते शुक्रवारच जावं, कारण शनिवार-रविवारी तिथली बरीच चर्चेस आणि खाण्याची दुकानं बंद असतात, चहा मिळायची पंचाईत होते. सोमवार मी नेहमी उघड्यावरच्या जागांसाठी ठेवते: कालव्याचा काठ, खोटी घरं, नदीखालचा बोगदा. त्यांना कुलूप नसतं.

आदल्या रात्री प्रत्येक ठिकाणाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर वेळ पुन्हा एकदा बघा. मोबाइलच्या नकाशातल्या वेळेवर विसंबू नका, विशेषतः सार्वजनिक सुटीच्या सोमवारी. मे महिन्यात असे दोन सोमवार येतात आणि ऑगस्टचा शेवटचा सोमवारही सुटीचा असतो.

मग उजेड बघा. जूनमध्ये रात्री नऊनंतरही लख्ख दिसतं, डिसेंबरमध्ये चार वाजायच्या आत सूर्य मावळतो. हिवाळ्यात उघड्यावरचं सगळं सकाळी आणि घरातलं दुपारी, असा क्रम लावा. तारखा अजून ठरायच्या असतील तर सप्टेंबरचा विचार जरूर करा. त्या महिन्यात 'ओपन हाउस' नावाचा उत्सव असतो. १९९२ साली सुरू झालेल्या या उत्सवात एरवी बंद असणाऱ्या शेकडो इमारती लोकांना फुकट दाखवतात. काहींना आधी नाव नोंदवावं लागतं आणि त्या जागा झटकन भरतात.

आणखी एक गोष्ट, कारण दरवर्षी कोणीतरी विचारतंच: युरोपच्या सहलीसाठी काढलेल्या शेंगेन व्हिसावर लंडनला येता येत नाही. ब्रिटनचा व्हिसा वेगळा काढावा लागतो.

बस, ट्यूब आणि पाय

वेगळा पास काढायची गरज नाही. आपलं टॅप करायचं बँक कार्ड किंवा ऑयस्टर हे इथलं प्रवासाचं कार्ड चालतं आणि दिवसभरात ठरावीक रकमेपेक्षा जास्त भाडं कापलं जात नाही. पण त्यासाठी माणशी एक कार्ड लागतं, आणि दिवसभर तेच वापरावं लागतं. सकाळी प्लास्टिकचं कार्ड लावलं आणि दुपारी त्याच कार्डाने फोनवरून पैसे भरले, तर यंत्र ते दोन वेगळे प्रवासी धरतं. भारतातलं कार्ड असेल तर परदेशी व्यवहाराचं शुल्क किती लागेल हे बँकेला आधीच विचारून घ्या.

ट्यूबमध्ये, म्हणजे भुयारी रेल्वेत, शिरताना आणि बाहेर पडताना, दोन्ही वेळा कार्ड लावायचं. बसमध्ये फक्त चढताना. बसमध्ये रोख पैसे घेतच नाहीत. पहिल्या बसपासून तासाभरात कितीही बस बदला, भाडं एकदाच लागतं. अकरा वर्षांखालच्या मुलांना मोठ्यांबरोबर बस आणि ट्यूब फुकट. ज्येष्ठांबरोबर असाल तर माझं ऐका आणि ट्यूबपेक्षा बसच धरा. ट्यूबच्या कित्येक स्टेशनांत जिने आणि लांबलचक भुयारं आहेत, आणि बसच्या वरच्या मजल्यावरून शहर दिसतं ते वेगळंच.

एका दिवशी एकच भाग करा. तीन ठिकाणं पुरे, चौथं वाटेत आपोआप भेटतं.

होबर्न: गवंड्याच्या मुलाचं घर

बुधवार ते शुक्रवारातली एक सकाळ याला द्या. होबर्न स्टेशनवरून लिंकन्स इन फील्ड्स हा चौक पाच-सात मिनिटांवर आहे. तिथे १३ नंबरचं घर म्हणजे सर जॉन सोन यांचं संग्रहालय. प्रवेश विनामूल्य. खोल्या अरुंद आणि वस्तू अगदी कोपराला लागतील इतक्या जवळ, म्हणून पाठीवरची मोठी बॅग घरीच ठेवा. उघडायच्या आधी दहा मिनिटं पोचलात तर रांगेत थांबावं लागत नाही.

सोन हे गवंड्याचे चिरंजीव. बँक ऑफ इंग्लंडची इमारत त्यांनी घडवली. लागून असलेली तीन घरं घेऊन, पाडून, पुन्हा बांधून त्यांनी त्यांत आयुष्यभराचा संग्रह मांडला. छतातून पिवळसर काचांमधून ऊन आत येतं, आणि भिंतीत इतके छोटे छोटे गोल आरसे बसवलेत की चिंचोळ्या खोलीतही उजेड कुठून येतोय ते चटकन कळत नाही. तळघरात इजिप्तचा राजा सेती पहिला याची अलाबास्टर दगडाची शवपेटी आहे. ब्रिटिश म्युझियमने ती नाकारली आणि १८२४ साली सोन यांनी दोन हजार पौंडांना घेतली. घरात आणायला मागची भिंत पाडावी लागली. पुढच्या वर्षी त्यांनी तीन संध्याकाळी पाहुणे बोलावून दिव्यांच्या उजेडात ती दाखवली. जवळ जाऊन वाकून बघा, दगडात आत-बाहेर सगळीकडे बारीक चित्रलिपी कोरलेली आहे.

चित्रांची खोली चुकवू नका. खोली जेमतेम आपल्याकडच्या लहान बेडरूमएवढी, पण तीत शंभराहून जास्त चित्रं आहेत. कारण भिंती म्हणजे कपाटाची दारं आहेत! तिथला कर्मचारी ठरावीक वेळाने ती उघडतो. मागे दुसरी चित्रं, त्यांत विल्यम होगार्थची एका उधळ्या तरुणाच्या अधोगतीची आठ चित्रं. एका बाजूची दारं पूर्ण उघडली की भिंतच नाहीशी होते आणि थेट खालचा मजला दिसतो. पुढचं उघडणं किती वाजता हे आत शिरल्या शिरल्या विचारून ठेवा.

हे घर असं टिकलं त्यामागे एका बापाचं दुःख आहे. १८१५ साली धाकट्या मुलाने, जॉर्जने, वर्तमानपत्रात नाव न देता वडिलांच्या कामावर सडकून टीका केली. थोड्याच दिवसांत आई वारली. तिचा जीव या लेखांनी घेतला असं सोन यांनी कायमचं धरलं आणि ती कात्रणं चौकटीत घालून भिंतीवर लावली. अखेर १८३३ साली त्यांनी पार्लमेंटकडून कायदाच करून घेतला, की आपल्या मागे हे घर देशाचं होईल आणि आहे तसंच राहील. घर मुलाला मिळालं नाही. मी दरवेळी तिथून बाहेर पडते ती थोडी गप्प होऊनच.

चौकाच्या दक्षिणेला पाच मिनिटांवर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आहे. डॉ. आंबेडकर इथे १९१६ साली आले, बडोद्याची शिष्यवृत्ती संपल्यामुळे पुढच्या वर्षी त्यांना परतावं लागलं, आणि पैसे जमवून १९२० साली ते पुन्हा आले. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध इथलाच. बॅरिस्टरीसाठी ते ग्रेज इनमध्ये होते, तेही होबर्नच्या उत्तरेला चालत जाण्याच्या अंतरावर. ही दोन टोकं पायी जोडली की त्यांची रोजची पायपीट कळते.

१९२१-२२ मध्ये बाबासाहेब राहत ते १०, किंग हेन्रीज रोड हे घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतलं आणि ते आता स्मारक आहे. होबर्नहून सेंट्रल लाइनने एक स्टेशन टॉटनहॅम कोर्ट रोडला जा, तिथे नॉर्दर्न लाइन धरा आणि चॉक फार्मला उतरा. घर निवांत, झाडीच्या गल्लीत आहे आणि शेजारी लोक राहतात, त्यामुळे मोठा गट असेल तर आवाज बेताचा ठेवा. तिथून प्रिमरोझ हिलची टेकडी जवळच आहे. संध्याकाळी टेकडीवर बसून सगळं शहर एका नजरेत दिसतं.

सिटी: मंगळवार ते शुक्रवार, सकाळी दहाला सुरुवात

सेंट पॉल्स स्टेशनवर उतरा आणि कॅथीड्रलकडे वळण्याआधी उत्तरेला दोन-तीन मिनिटं चाला. पोस्टमन्स पार्क ही एवढीशी बाग आहे. शेजारच्या मुख्य टपाल कचेरीतले पोस्टमन इथे डबा खायला बसत, म्हणून हे नाव. बागेत एक उतरत्या छपराची लाकडी पडवी आहे आणि तिच्या भिंतीवर चिनी मातीच्या फरशांच्या ५४ पाट्या. दुसऱ्याला वाचवताना जीव गमावलेल्या साध्या माणसांच्या त्या पाट्या आहेत. चित्रकार जॉर्ज फ्रेडरिक वॉट्स यांनी १८८७ साली, राणी व्हिक्टोरियाच्या सुवर्णमहोत्सवासाठी ही कल्पना मांडली. तेव्हा ती कोणी उचलली नाही, म्हणून १९०० साली त्यांनी ती इथे उभी केली.

घाई करू नका, पाट्या वाचा. अ‍ॅलिस एअर्स, गवंड्याच्या हाताखाली काम करणाऱ्या मजुराची मुलगी: एप्रिल १८८५ मध्ये बरोमधल्या युनियन स्ट्रीटवरच्या जळत्या घरातून तिने तीन मुलांना वाचवलं आणि ती गेली. सेरा स्मिथ, नाटकातली नटी: सोबतिणीच्या अंगावरची आग विझवताना तिच्या स्वतःच्या कपड्यांनी पेट घेतला, जानेवारी १८६३. बहुतेक पाट्या शंभर वर्षांपूर्वीच्या आहेत, आणि मग मध्येच एक २००९ साली बसवलेली, कालव्यात बुडणाऱ्या मुलाला वाचवून स्वतः बुडालेल्या तरुणाची. अजून बऱ्याच फरशांची जागा रिकामी आहे. पाहुण्यांना इंग्रजी अवघड जात असेल तर कोणीतरी एकाने मोठ्याने मराठीत सांगावं. मी आईसाठी असंच केलं, पुढच्या खेपेला. ती प्रत्येक पाटीपाशी थांबली.

बागेतून पश्चिमेला वळलात की गिल्टस्पर स्ट्रीट आणि कॉक लेनच्या कोपऱ्यावर, डोक्याच्या बऱ्याच वर, एक गुटगुटीत सोनेरी मुलगा दिसेल. १६६६ ची मोठी आग पुडिंग लेनला लागली आणि इथे पाय कॉर्नरला थांबली. दोन्ही नावं खाण्याची, म्हणून ही खादाडपणाची शिक्षा, असं लोकांनी ठरवलं, आणि आठवणीसाठी हा मुलगा बसवला. जवळच सेंट सेपल्कर चर्च आहे. तिथे काचेत एक हातघंटा ठेवली आहे. समोरच्या न्यूगेट तुरुंगात फाशीच्या आदल्या मध्यरात्री कैद्याच्या कोठडीबाहेर ती वाजवत. आता त्या तुरुंगाच्या जागी ओल्ड बेली न्यायालय उभं आहे. चर्चचं दार उघडं दिसलं तर पाच मिनिटं आत जा.

मग पंधरा-वीस मिनिटं पूर्वेला चालत वॉलब्रुकला या. ब्लूमबर्ग या आर्थिक वृत्तसंस्थेच्या मोठ्या कचेरीच्या खाली, रस्त्यापासून सात मीटर खोल, मिथ्रा या देवाचं रोमन मंदिर आहे. युद्धात उद्ध्वस्त झालेली जागा खणताना १९५४ साली ते सापडलं, बघायला हजारो लोकांच्या रांगा लागल्या, आणि नंतर त्याचे दगड जवळच दुसरीकडे नेऊन मांडले. २०१७ पासून ते पुन्हा मूळ जागी आहे. प्रवेश फुकट, पण वेळ आधी नोंदवलेली बरी. वरच्या मजल्यावर काचेत रोमन लंडनच्या शेकडो वस्तू आहेत आणि त्यांतल्या लाकडी पाट्या सोडू नका. रोमन लोक लाकडावर मेण लिंपून लिहीत. मेण गेलं, पण टाकाचे ओरखडे लाकडात राहिले. त्यांतल्या एका पाटीवर ८ जानेवारी इ.स. ५७ ही तारीख आहे आणि मजकूर आहे मालाच्या पैशांच्या देण्याचा. ज्या इमारतीत आज जगभरच्या पैशांच्या बातम्या तयार होतात, तिच्या पायाखाली ही उधारीची चिठ्ठी सापडली! मंदिरात अंधार, धुकट उजेड आणि लॅटिनमधली कुजबुज असते. लहान मुलांना आधी कल्पना द्या, काही घाबरतात.

तिथून फिलपॉट लेनकडे जाताना ईस्टचीपजवळच्या एका इमारतीच्या भिंतीवर चीज कुरतडणारे दोन छोटे उंदीर शोधा. चीज कोणी खाल्लं यावरून दोन कामगारांचं भांडण झालं, त्यात ते वरून पडून गेले आणि खरे चोर उंदीर निघाले, अशी दंतकथा सांगतात. मुलांना शोधायला लावा.

शेवट सेंट डन्स्टन-इन-द-ईस्ट. चर्च १९४१ च्या बॉम्बवर्षावात कोसळलं. वास्तुविशारद क्रिस्टोफर रेन यांचा मनोरा तेवढा उभा राहिला. छप्पर नाही, काचा नाहीत. टोकदार खिडक्यांच्या दगडी चौकटींतून वेली आत आल्या आहेत आणि मध्ये कारंज्याभोवती बाकं आहेत. बारा ते दोन कचेरीतली माणसं डबे घेऊन येतात, बसायला जागा मिळत नाही. तीननंतर या.

नदीपलीकडे, थोडक्यात

लंडन ब्रिज स्टेशनजवळ सेंट थॉमस चर्चच्या माळ्यावर १८२२ सालचं ऑपरेशन थिएटर आहे. भूल देण्याची सोय होण्याआधी इथे बायकांवर शस्त्रक्रिया होत आणि भोवतीच्या लाकडी पायऱ्यांवर उभे राहून विद्यार्थी बघत. तिकीट लागतं. वर जायला ५२ पायऱ्यांचा अरुंद गोल जिना आहे, गुडघेदुखी असलेल्यांनी खाली चहा घेत थांबावं. रुग्णालय हललं आणि माळा विसरला गेला, तो थेट १९५६ साली सापडला.

दहा मिनिटांवर, रेडक्रॉस वेवर, क्रॉस बोन्स ही जुनी दफनभूमी आहे. समाजाने टाकलेल्या गरिबांची, वेश्यांची. सुमारे पंधरा हजार माणसं इथे पुरली असावीत असा अंदाज आहे. फाटकावर लोकांनी फिती, फुलं, चिठ्ठ्या बांधल्या आहेत. आतली बाग ठरावीक वेळीच उघडते, पण फाटकाशी उभं राहिलं तरी पुरतं. तिथे सेल्फी काढू नका.

बेजवॉटर ते लिटल व्हेनिस: खोटी घरं आणि खरं घर

ही वाट सोमवारी करा. बेजवॉटर स्टेशनवरून लेन्स्टर गार्डन्स हा रस्ता दहा मिनिटांच्या आत येतो. पांढरीशुभ्र, खांबांची, पाच मजली घरांची सलग ओळ. २३ आणि २४ नंबरसमोर रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला उभे राहा आणि दोन मिनिटं नुसतं बघा. शेजारच्या घरांच्या खिडक्यांत पडदे आहेत, कुंड्या आहेत, दिवे आहेत. या दोन घरांच्या खिडक्या मात्र राखाडी रंगवलेल्या आहेत, आणि दाराला पत्राची फट नाही. ही घरं नाहीतच. जेमतेम दीड मीटर जाडीची नुसती दर्शनी भिंत आहे.

कारण साधं आहे. १८६० च्या दशकात भुयारी रेल्वे इथून काढली तेव्हा गाड्या वाफेवर चालत. धूर आणि वाफ बाहेर सोडायला मध्ये मध्ये उघडी जागा लागे, त्यासाठी ही दोन घरं पाडली. पण एवढ्या श्रीमंत ओळीला असं खिंडार पडलेलं चालणार नव्हतं, म्हणून शेजाऱ्यांसारखाच मुखवटा बांधला. मागची बाजू बघायला वळसा घालून पोर्चेस्टर टेरेसवर या. भिंतीपलीकडे भिंतीला आधार देणारे आडवे दांडे आणि खाली उघडे रूळ दिसतात. पाच मिनिटं थांबलात तर गाडी जातेच. दोन्ही बाजू पाहिल्याशिवाय इथून हलू नका, कारण गंमत त्या दोन्हींच्या मध्ये आहे.

मग पॅडिंग्टन स्टेशनला लागून असलेल्या कालव्याच्या काठाने लिटल व्हेनिसपर्यंत चाला. अरुंद, लांबट, रंगवलेल्या होड्यांत लोक राहतात. टपावर तुळशीएवढ्या कुंड्या आणि सरपण रचलेलं असतं. वॉरिक अ‍ॅव्हेन्यूवर हिरवी लाकडी टपरी दिसली की थांबा. १८७५ पासून घोडागाडीवाल्यांसाठी अशा ६१ टपऱ्या बांधल्या, आता १३ उरल्यात. रस्त्याच्या जागेवर असल्याने घोडा आणि गाडी यांच्याहून मोठी टपरी करायची परवानगी नव्हती. आत बसायचा मान आजही टॅक्सीवाल्यांचाच, पण उघडी असेल तर खिडकीतून चहा कोणालाही मिळतो.

चहा घेऊन हावली प्लेसकडे वळा. १० नंबरच्या घरावर निळी गोल पाटी आहे: लोकमान्य टिळक इथे १९१८-१९ मध्ये राहिले. व्हॅलेंटाइन चिरोल या पत्रकाराने १९१० च्या आपल्या पुस्तकात त्यांना भारतीय असंतोषाचे जनक ठरवलं होतं, ते दूषण म्हणून. त्या पुस्तकातल्या आरोपांवर अब्रुनुकसानीचा दावा लढवायला टिळक इथे आले आणि खटला हरले. पण तीच पदवी आपण शाळेत अभिमानाने पाठ केली. या शांत गल्लीत, साठी ओलांडलेला तो माणूस कज्जाच्या कागदांसह इथल्या थंडीत राहत होता, हे त्या दारासमोर उभं राहिल्यावर मला पहिल्यांदा खरं वाटलं. घर खासगी आहे. फोटो रस्त्यावरून काढा, बेल वाजवू नका.

निळ्या पाट्यांची सवय एकदा डोळ्यांना लागली की सगळं शहर वाचता येतं. हायगेटला ६५, क्रॉमवेल अ‍ॅव्हेन्यूवर सावरकरांची पाटी आहे. हेच श्यामजी कृष्णवर्मा यांचं इंडिया हाउस. त्याच भागात कार्ल मार्क्सची समाधी असलेलं हायगेटचं दफनस्थान आहे, त्याला तिकीट लागतं. दोन्ही मिळून अर्धा दिवस जातो, आणि चढ बराच आहे.

स्पिटलफील्ड्स: मेणबत्तीच्या उजेडातलं घर

१८, फोल्गेट स्ट्रीट. डेनिस सेव्हर्स या माणसाने १९७९ साली हे जुनं घर घेतलं आणि प्रत्येक खोली अशी मांडली, की फ्रान्समधून पळून आलेल्या रेशीम विणकरांचं कुटुंब नुकतंच उठून शेजारच्या खोलीत गेलंय. अर्धं खाल्लेलं फळ, विस्कटलेलं अंथरूण, शेगडीत निखारे. बोलायचं नाही, हा तिथला नियम. तिकीट बरंच आधी काढा, आणि हिवाळ्यातली संध्याकाळ मिळाली तर तीच घ्या. जिने उभे आणि अंधारे आहेत.

मग ब्रिक लेनवर फोर्नियर स्ट्रीटच्या कोपऱ्यावरची मशीद बाहेरून पाहा. १७४३ साली त्याच विणकरांनी प्रार्थनागृह म्हणून ही इमारत बांधली. पुढे ती मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाकडे गेली, १८९८ पासून ज्यूंचं सिनेगॉग झाली, आणि १९७६ पासून इथल्या बांगलादेशींची मशीद आहे. भिंतीवर उंच जुनं सूर्यघड्याळ आहे. त्यावर लॅटिनमध्ये कोरलंय, 'आम्ही सावल्या आहोत'.

जेवण, आणि एक सावधगिरी

शाकाहारी मंडळींनी एक दुपार यूस्टन स्टेशनमागच्या ड्रमंड स्ट्रीटसाठी ठेवावी. भेळपुरी, डोसे, थाळी सगळं मिळतं. तिथून पंधरा मिनिटांच्या आत युनिव्हर्सिटी कॉलेजचं स्टुडंट सेंटर आहे, जिथे तत्त्वज्ञ जेरेमी बेंथम काचेच्या पेटीत बसले आहेत. १८३२ साली ते वारले. त्यांच्याच इच्छेनुसार त्यांचा सांगाडा त्यांच्याच कपड्यांत बसवला आहे आणि डोकं मेणाचं आहे. नातवंडं बरोबर असतील तर एक दिवस क्रिस्टल पॅलेस पार्कला द्या. तिथे १८५४ साली उभारलेले डायनासोर आहेत. तेव्हा हाडं थोडीच सापडली होती, म्हणून इग्वानोडॉनच्या अंगठ्याचं टोकदार हाड शिल्पकाराने त्याच्या नाकावर शिंग म्हणून बसवलं. ते अजून तसंच आहे.

सावधगिरी नदीची. ओहोटीला टेम्सचं पात्र उघडं पडतं आणि काठावर मातीच्या जुन्या चिलमींचे तुकडे दिसतात. उचलायचा मोह होतो, पण परवान्याशिवाय तिथे काहीही शोधणं किंवा उचलणं बेकायदा आहे. शिवाय भरती झपाट्याने, सहा-सात मीटरपर्यंत चढते. काठावरूनच बघा.

ग्रिनिच: बोगद्यातून शून्याकडे

ग्रिनिचला सगळे स्टेशनवरून सरळ जातात. तुम्ही अलीकडच्या काठावर, आयलंड गार्डन्सला उतरा. डीएलआर या हलक्या रेल्वेच्या गाडीला पुढे चालक नसतो, लवकर चढून पहिली जागा धरा म्हणजे रूळ आपल्यासमोर उलगडत जातात. नदीकाठी लाल विटांची, घुमटाची गोल इमारत दिसेल. १९०२ सालच्या पादचारी बोगद्याचं ते तोंड. फुकट, चोवीस तास उघडा. लिफ्ट आहे, पण बंद असली तर शंभराच्या आसपास पायऱ्या. ३७० मीटर लांबीचा, पांढऱ्या फरशांचा बोगदा मध्याकडे उतरतो आणि पुन्हा चढतो. उत्तरेच्या तोंडाशी तो एकदम अरुंद होतो, कारण दुसऱ्या महायुद्धात बॉम्बने तडा गेला आणि आतून पोलादी कडं बसवलं. हलकं गुणगुणून पाहा, आवाज किती लांब जातो ते कळेल.

दुपारी एकच्या आत टेकडी चढा. वेधशाळेच्या मनोऱ्यावर लाल गोळा आहे. १८३३ पासून तो १२:५५ ला वर चढतो आणि बरोबर एकला खाली पडतो. नदीतली जहाजं त्यावर घड्याळं लावत. हे बाहेरूनच दिसतं. शून्य रेखांशाची प्रसिद्ध रेघ तिकिटाच्या आत, अंगणात आहे, पण तीच रेषा बाहेरच्या पायवाटेवर भिंतीवरही दाखवली आहे, तिथे रांग नसते.

आता फोनवर अक्षांश-रेखांश दाखवणारं अ‍ॅप उघडा आणि त्या रेषेवर उभे राहा. शून्य दिसणार नाही. खगोलशास्त्रज्ञ एअरी यांनी १८५१ साली दुर्बिणीने रेषा ठरवली तेव्हा उभी दिशा तिथल्या गुरुत्वाकर्षणावरून घेतली होती, आणि ते गुरुत्वाकर्षण किंचित कललेलं आहे. उपग्रह पृथ्वीचं केंद्र धरून मोजतात. म्हणून फोन हातात धरून पूर्वेकडे बागेत चालू लागा. आकडे कमी कमी होत जातात. सुमारे १०२ मीटर गेल्यावर शून्य येतं. तिथे रेघ नाही, पाटी नाही, नुसती बाग आहे.